शेलारांचा आवाज

सुभेदार शेलार मरून वर्ष झालं, तरी लष्कराच्या उपग्रह तुकडीत ते रोज ड्यूटीवर होते. उपग्रह फक्त त्यांचाच आवाज ओळखायचा. म्हणून आता संगणक त्यांच्या आवाजात हुकूम सोडायचा.

"माणूस जाळलात अन् आवाज नोकरीला ठेवलात?" त्यांच्या बायकोनं, हिरानं मेजरला तोंडावर विचारलं. "तेवढा तरी मला द्या."

"आवाज सरकारी आहे, वहिनी. फार तर एकदा ऐका." मेजरनं कळ दाबली. शेलारांचा आवाज उपग्रहाला सांगू लागला,

"डावीकडं वळ. थांब. शाब्बास, माझ्या राजा!"

हिरानं शेवटपर्यंत ऐकलं. बावीस वर्षांच्या संसारात तिच्या वाट्याला नुसतं 'वळ' आणि 'थांब' एवढंच आलं होतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमच्याकडंच ठेवा."