मधली जागा

साखरपुड्याच्या दिवशी दुपारी बारा वाजता, साताऱ्याच्या कार्यालयात, दोन्ही व्याह्यांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. लग्न मुलीच्या सांगलीत की मुलाच्या साताऱ्यात, यावरून जुंपली आणि तारीख ठरायची राहिली.

शलाकाने पर्समधून फिल्मचा कॅमेरा काढला. जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेला, प्लास्टिकचा, साबणाच्या डबीसारखा हलका. होणाऱ्या नवऱ्याच्या, निनादच्या जड कॅमेऱ्यात फोकस फिरवेपर्यंत माणसांचं हसू विरायचं. हा आपला आपण फोकस करून झटक्यात टिपायचा. तिने वडिलांना, अण्णांना, आणि होणाऱ्या सासऱ्यांना, तात्यांना, शेजारी उभं केलं. दोघांच्या मधून म्हैस आरामात गेली असती.

"अण्णा, तात्या, जवळ या. हा कॅमेरा मधोमध असेल तेच स्पष्ट काढतो. आत्ता मागचा कुलर झकास येईल आणि तुम्ही दोघं पुसट."

"साताऱ्याचा कुलर आहे, झकासच येणार," तात्या म्हणाले.

"तरीच! आवाज फार आणि वारा नाही," अण्णा म्हणाले.

तात्यांना हसू फुटलं. सरकत सरकत खांद्याला खांदा लागला, तशी तिने कळ दाबली.

निनाद तिच्या कानाशी लागला. "अगं, कळ अर्धी दाबून आधी एकावर फोकस धरता येतो की!"

"ठाऊक आहे. गप्प बस."

रोल मुंबईला धुवायला गेलाय. लग्नाची तारीख अजून ठरलेली नाही. मात्र फोटो आला का, हे दोघे व्याही शलाकाला विचारत नाहीत. एकमेकांनाच फोन करून विचारतात.