खिडकीजवळची जागा

मुजावर सर भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटेच वारले आणि दोन दिवस कुणाला कळलंच नाही. त्यानंतर मिरजेतल्या त्या फ्लॅटला भाडेकरू मिळेना. लोक यायचे, घर हवेशीर आहे म्हणायचे, खाली शेजाऱ्यांकडून ऐकायचे आणि मग फोन उचलायचे नाहीत.

मालक आरवाडे एसटीतून निवृत्त झालेले. ते स्वतः एका स्वस्तातल्या खोलीत राहत. फ्लॅटच्या भाड्यातून कर्जाचा हप्ता जायचा. पाच महिन्यांनी हप्ता आणि खोलीभाडं दोन्ही झेपेना, तेव्हा खोली सोडून तेच फ्लॅटवर राहायला आले. वारा येतो म्हणून पलंग खिडकीजवळ लावला. भीती वाटली नाही. खरं तर काहीच वाटलं नाही.

एका दुपारी सरांची मुलगी दारात उभी राहिली. दफनाला तिला मस्कतहून पोहोचता आलं नव्हतं.

"काका, अब्बा शेवटी कुठे होते? ती जागा दाखवाल?"

आरवाड्यांनी आपल्या पलंगाकडे बोट केलं. "त्यांचाही पलंग तिथेच होता."

"आता तिथे तुम्ही झोपता?"

"दुसरी जागा नाही, पोरी."

तिने विचारलं, "मी बसू का तिथे जरा?"

आरवाड्यांनी चुरगळलेली चादर काढून धुतलेली अंथरली आणि दार लोटून ते जिन्यात जाऊन बसले. आतून रडणं ऐकू येऊ लागलं. ऐकता ऐकता त्यांच्या लक्षात आलं, या घरात सरांसाठी आजवर कुणीच रडलं नव्हतं. ते स्वतःसुद्धा नाही.