गावंडे सरांची लॅब

"वापरले की खराब होतात कॉम्प्युटर," असं म्हणत गावंडे सरांनी वर्षभर पोरांसाठी कॉलेजच्या लॅबचं कुलूप काढलं नाही. शेवटी वर्गातल्या सलोनीनं क्लाउडवरच सगळा सेटअप केला. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये कोड लिहायचा आणि तिथंच चालवून पाहायचा. अकराही जणांचे प्रोजेक्ट ढाणकीच्या बसस्टँडवर बसून असेच झाले.

प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक मॅडम आल्या, त्या दिवशी लॅब उघडली. "मोबाईलचं नाव काढू नको. मार्क माझ्या हातात हायेत," सर दारातच सलोनीला हळूच म्हणाले. मग मॅडमकडे वळून हसले.

"आमची पोरं वर्षभर इथंच बसून प्रोजेक्ट करून राह्यली, मॅडम."

सलोनीनं खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवरचं कव्हर ओढून काढलं.

"मॅडम, माझा प्रोजेक्ट दाखवते. हा तेवढा तुमच्या हातानं चालू करता का?"

मॅडम वाकल्या, आणि त्यांचा हात बटणापाशीच थांबला. गेल्या दसऱ्याच्या पूजेत लावलेलं हळदीकुंकू बटणावर अजून जसंच्या तसं होतं.