कोरी पोथी

हरिदास गुरुजींनी कोऱ्या दिसणाऱ्या ताडपत्रावर काजळ चोळलं, वरून फडकं फिरवलं आणि सगळ्यांसमोर पान वर धरलं. काजळ पुसलं गेलं होतं. पण सकाळी दाभणानं ओढलेल्या बारीक रेघांत ते अडकून राहिलं होतं, आणि मघाशी जिथं काहीच दिसत नव्हतं तिथं आता गावाचं नाव, 'धानोरा', ठसठशीत उमटलं होतं. शाळेच्या व्हरांड्यातली वीस-बावीस मोठी माणसं एकदम पुढं सरकली. एका बाईनं तर पान उलटं करून मागं काही लपवलंय का, तेही पाहून घेतलं.

साक्षरता वर्गानं भरवलेलं हे पुस्तक बनवायचं शिबिर होतं. ताडपत्रापासून निघायचं, संध्याकाळपर्यंत घडीच्या कागदी पुस्तकाशी पोचायचं आणि प्रत्येकानं आपल्या हातचं पुस्तक घरी न्यायचं, असा गुरुजींचा बेत. गुरुजी मूळचे तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याचे. तिकडं ताडाची झाडं उदंड, आणि तेलुगू त्यांना घरचीच.

शेवटच्या रांगेत कोलू बसला होता. साठी उलटलेली, जन्म बांबू तोडण्यात गेलेला. चार महिने तो पाटीवर 'अ' गिरवत होता आणि चार महिने तो 'अ' डावीकडं कलंडत होता. पालथ्या घड्यावर पाणी, असं तो स्वतःच म्हणायचा. सून ललिता त्याला रोज वर्गाला ओढून आणायची. तिला त्यानं सकाळीच बजावलं होतं, "आजचा दिवस येतो. उद्यापासून नाई. आपल्या वंशात अक्षर नाई, बाई."

हे तो उगाच म्हणत नव्हता. त्याच्या आज्यानं मागं ताडपत्रांची एक पोथी ठेवली होती. तरुणपणी सिरोंच्याकडं मजुरीला गेला असताना त्यानं ती आणली होती म्हणे. घरात ती देवाजवळ असे. दर वर्षी सणाला कोलू एकेका पानाला मोहाच्या बियांचं तेल लावायचा आणि पुन्हा बांधून ठेवायचा. पंचवीस पानं, आणि एकावरही काही नाही. गावाला चेष्टेला एवढं पुरे होतं. जसा घरधनी तशी पोथी, लोक म्हणायचे. कोलूही त्यांच्यासोबत हसायचा, पण मनातून त्याला ते पटलेलं होतं.

दुपारी गुरुजींनी सगळ्यांना एकेक मोठा कागद दिला. मधोमध घडी, पुन्हा घडी, पुन्हा एक घडी. मग घडीच्या कडा सुरीनं कापायच्या आणि पाठीला दोरा घालायचा. एका कागदाची आठ पानं झाली. बाकीच्यांच्या घड्या वाकड्यातिकड्या होत होत्या. कोलूनं आयुष्यभर पळसाचे द्रोण लावलेले, त्याच्या बोटांना काही सांगावंच लागलं नाही. त्याचं पुस्तक सगळ्यांच्या आधी तयार झालं आणि सगळ्यांत देखणं झालं. त्यानं ते तळहातावर ठेवून पाहिलं, मग हळूच बाजूला सारलं. "बनवाले बनवलं. पण याच्यात लिहीन कोन?"

तेवढ्यात ललिता धापा टाकत परत आली. ती मधेच उठून गेल्याचं त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. तिच्या पदराखाली पोथी होती.

कोलूचा चेहरा उतरला. "काऊन आनली? चार लोकांत हसं कराले?"

"मामाजी, एक डाव गुरुजीले पाहू तं द्या."

गुरुजींनी वरचं पान उन्हात तिरपं धरलं. त्यावरून नख फिरवून चाचपलं. मग त्यांनी कोलूकडं पाहून विचारलं, "कोलूभाऊ, लावू काजळ?"

कोलूनं नुसती मान हलवली. गुरुजींनी काजळ चोळलं, फडकं फिरवलं. पानावर ओळीच्या ओळी उभ्या राहिल्या. कोलूचे हात आपोआप जोडले गेले. मंत्र असेल, कोणी कुजबुजलं. जडीबुटीची माहिती असेल, दुसरं म्हणालं.

"तेलुगू आहे," गुरुजी म्हणाले आणि बोट ठेवून वाचू लागले. "अ." पुढं वाचलं. "अ." खालच्या ओळीत, "अ." काजळ लावत लावत दुसरं पान, तिसरं पान, पंधरावं पान. सगळीकडं तेच एक अक्षर. मागं कोणीतरी फिसकन हसलं.

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी उरलेल्या पानांनाही काजळ लावलं आणि पंचवीसही पानं जमिनीवर ओळीनं मांडली. पहिल्या पानावरचं अक्षर आडवं पडलेलं होतं. जोर लावल्यामुळं दोन ठिकाणी रेघ खोल रुतलीही होती. दहाव्यावर ते जरा सावरलं होतं. शेवटच्या पानावर ते ताठ उभं होतं. "ही पोथी नाही, कोलूभाऊ," गुरुजी म्हणाले. "तुमचा आजा शिकत होता."

कोलू पहिल्या पानापाशी उकिडवा बसला. ज्याला आपण इतकी वर्षं कोरं समजून तेल लावत होतो, त्यात एका माणसाची एवढी धडपड भरलेली होती. आज्यानं ती कोणाला दाखवलीच नव्हती; राहून गेलं, की लाज वाटली, कोण जाणे. आडव्या पडलेल्या त्या अक्षरावरून त्यानं बोट फिरवलं. एकेक पान करत, गुडघ्यांवर सरकत, तो शेवटच्या पानापर्यंत गेला. आता कोणी हसत नव्हतं.

मग त्यानं बाजूला सारलेलं आपलं पुस्तक उचललं, पहिलं पान उघडलं आणि गुरुजींपुढं धरलं.

"अ तं आज्यानं करून ठेवला, गुरुजी. मले आ दाखवा."