इथं रांग आहे!

"राजा असशील तुझ्या घरी, इथं रां-आं-ग आहे!"

वड्या विकणाऱ्या यांद्रीने बसच्या पायरीवरूनच आरोळी ठोकली आणि अख्खी बस खिदळली. शेवटच्या बाकावरच्या ओल्मेदोने मात्र टोपी कपाळावर ओढली आणि तो खिडकीबाहेर बघू लागला.

हे वाक्य मुळात त्याचं होतं. एस्मेराल्दासला त्याची माशाच्या रश्श्याची गाडी होती. एका सकाळी तिथला दादा, डावऱ्या, रांग मोडून पुढे आला. ओल्मेदोने निमूट स्टूल पुसून दिलं, वाडग्यात माशाचे तुकडे जास्तीचे घातले, वर लिंबूही स्वतःच पिळलं. घरी गेल्यावर त्याला शौर्य सुचलं. खुर्चीत रेलून त्याने मोबाईलवर मेव्हण्याला आवाजी निरोप पाठवला, "डावऱ्याला आज तोंडावर सुनावलं. म्हटलं, राजा असशील तुझ्या घरी, इथं रांग आहे!" शुद्ध थाप. पण मेव्हण्याच्या पोटात काही राहत नाही. त्याने तो निरोप पुढे पाठवला.

मग काय, वाक्य देशभर झालं. बँकेत, फुटबॉलच्या मैदानात, लग्नाच्या पंगतीत लोक तेच ओरडू लागले. कुणी त्याला ढोल लावले, पोरांनी त्यातली 'रांग' लांबवली, पाद्रीबाबांनी ते प्रवचनात घेतलं. लोक हसत होते आणि डावऱ्या आतून जळत होता. ज्याचा हा आवाज असेल त्याला जिवंत सोडणार नाही, असं त्याने जाहीर केलं. ओल्मेदो गाडी तशीच टाकून दूरच्या ग्वायाकिल शहरात पळाला. तेव्हापासून चारचौघांत त्याने तोंड उघडलं नव्हतं. पावसुद्धा तो बोट दाखवून घ्यायचा.

"नुसतं हसताय काय?" यांद्री वड्यांचं ताट नाचवत म्हणाला. "बायको नारळ खवून खवून दमते आणि तुम्ही फुकट दात काढता! घ्या की वड्या! ओ मावशी, ढकलू नका, इथं रां-आं-ग आहे!"

करकचून ब्रेक लागला. दोघे जण चढले. दोघांच्याही हातात पिस्तुलं होती. हसू जागच्या जागी विरलं. ओल्मेदोने डोळे मिटले. आपले दिवस भरले, एवढंच त्याच्या मनात आलं.

"तूच ना रे तो रांगवाला?" त्यांच्यातल्या लंबूने यांद्रीला विचारलं.

"नाही हो दादा, मी नक्कल करतो. पोटासाठी."

"म्हणून दाखव."

यांद्रीने म्हटलं. भीतीतही सवयीने वाक्य ठसक्यात आलं, लांबवलेल्या रांगेसकट.

"हाच तो," दुसरा म्हणाला. "अगदी हाच आवाज."

त्यांनी यांद्रीची कॉलर धरली. ताट पडलं, वड्या बाकांखाली गेल्या. "दादा, घरी लेकरं आहेत हो माझी!" तो ओरडत होता. जागचं कुणी हललं नाही.

हा गेला की सुटलो आपण, ओल्मेदोच्या मनात आलं. शोध संपेल. पुन्हा मोठ्याने बोलता येईल, घरी जाता येईल. दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःची शिसारी आली. तो उभा राहिला.

"सोडा त्याला. तो मी आहे. माझाच आवाज आहे तो."

लंबू वळला. "अस्सं? मग म्हण की."

ओल्मेदोने म्हटलं. घरी खुर्चीत बसून म्हटलं होतं तसंच, साधं, काहीही न लांबवता.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते फसकन हसले. पुढच्या बाकावरही कुणीतरी हसू दाबलं.

"बसा खाली, काका," यांद्रीला पायरीवरून खाली ओढत लंबू म्हणाला, "तुम्हाला या जन्मात जमायचं नाही."