घुबडाची जागा

"दे इकडे," मुखवट्याआडून पुजारी म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला.

दगड कोरणाऱ्या पाशेदूनं ओंजळीतला भुंगा त्याच्या तळहातावर ठेवला. हिरव्या दगडाचा, मुठीत मावेलसा. दगड घामानं ओला झाला होता.

"अरे, दगडाला घाम फुटलाय की तुला?" पुजारी हसला. कोल्ह्याच्या मातीच्या तोंडातून ते हसू घुमल्यासारखं बाहेर आलं. "खरं तर मला फुटायला हवा. हे डोकं घालून आणखी थोडा वेळ उभा राहिलो, तर पेन्दुआच्या शेजारी मलाही गुंडाळावं लागेल."

तंबूत कुणीच हसलं नाही. फळीवर मुकादम पेन्दुआचं प्रेत होतं. सगळं अंग पट्ट्यांनी गुंडाळून झालं होतं, छाती तेवढी राहिली होती. तिथं, हृदयावर, हा भुंगा बसवायचा. मग शेवटचे थर आणि राळ. उशाशी त्याची बायको वेर्नुरो बसली होती. तिच्या मांडीवर तांब्याचा आरसा होता. पेन्दुआनंच तिला दिलेला. एवढा मोठा आरसा कबरी खोदणाऱ्यांच्या त्या वस्तीत दुसऱ्या कुणाकडे नव्हता. फटीतून येणारं ऊन त्यावर पडत होतं आणि उजेडाचा एक तुकडा तंबूच्या कापडावर हलत होता.

भुंग्याच्या पोटावर कोरायचे शब्द ठरलेले असतात. ओसायरिस या मृतांच्या देवाच्या दरबारात मेलेल्याचं हृदय तराजूत पडतं. तोंड तिथंही खोटं बोलेल, हृदय बोलणार नाही. म्हणून त्याला आधीच बजावून ठेवायचं : हे माझ्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस. चित्रलिपीत यातला 'नकोस' लिहायला घुबड काढतात; ते नसेल, तर उलटाच हुकूम होतो : उभं राहा.

पाशेदूनं घुबड काढलं नव्हतं.

विसरला नव्हता तो. राजाच्या कबरीवरच्या तांब्याच्या छिन्न्या रोज तोलून दिल्या जात आणि तोलून परत घेतल्या जात. एकदा त्या कमी भरल्या. याच पेन्दुआनं राजाची शपथ घेऊन सांगितलं, इपुईनं चोरल्या, मी डोळ्यांनी पाहिलं. इपुई पाशेदूचा धाकटा भाऊ. त्याचे नाक-कान कापले. मग त्याला दक्षिणेच्या सोन्याच्या खाणीत धाडलं. तिथल्या वाळूत तो कुठंतरी पडला, पट्टीविना, नावाविना. आता पेन्दुआचं हृदय बोलेल आणि तराजूपाशी टपून बसलेली मगरीच्या तोंडाची भक्षिणी ते गिळून टाकेल. पुन्हा जन्म नाही, काही नाही.

मात्र इथं कुणाच्या लक्षात आलं, तर पाशेदूचे दोन्ही हात जातील.

पुजाऱ्यानं भुंगा मुखवट्याच्या भोकांपाशी नेला. भोकांआडचे डोळे कुठं थांबतात, ते पाशेदू पाहत राहिला. पुजाऱ्यानं तो नुसता फिरवून पाहिला आणि पाठ असलेला मंत्र घडाघडा म्हणून टाकला. 'उभं राहू नकोस' यावर तर त्यानं जरा जास्तच जोर दिला. मग भुंगा वेर्नुरोच्या हातात दिला. "कपाळाला लावा, बाई, आणि द्या परत."

वेर्नुरोनं तो कपाळाला लावला. मग उलटा केला. तिला वाचता येत नाही, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. ती नुसती बोट फिरवत होती. बोट पहिल्या ओळीवरून सरकलं, थांबलं आणि मागे आलं.

"बाई, राळ निवतेय."

"मग गरम करून आणा."

"आता पुन्हा चूल पेटवू?" कुरकुरत पुजारी बाहेर गेला.

"घुबड कुठंय?" वेर्नुरोनं विचारलं. आवाज अगदी हळू होता.

पाशेदूनं तंबूच्या दाराकडे पाहिलं.

"माझे वडील हेच कोरायचे. मी वाळूनं घासून द्यायचे. मला वाचता येत नाही, पण हृदयाला हाक मारली की घुबड, एवढं बोटांना कळतं. त्याच्या डोळ्यात वाळू अडकायची मेली."

बाहेर तिची दोन्ही मुलं उभी होती. एक हाक पुरली असती. पाशेदूनं आपल्या हातांकडे पाहिलं.

"जागा मात्र सोडलीयस," ती म्हणाली. "घुबड मावेल एवढी."

ते खरं होतं. का सोडली, ते त्याला स्वतःलाच नीट सांगता आलं नसतं. सगळं कोरून झालं, दगड चकचकीत झाला, तरी त्या रिकाम्या जागेवर त्याचा अंगठा पुन्हा पुन्हा जात होता.

"काढतो," त्याच्या तोंडून निघून गेलं. कमरेच्या छिन्नीवर त्याचा हात गेला. "आत्ता काढतो, बाई. तुम्ही फक्त मुलांना..."

"राहू दे."

तिनं वाकून भुंगा नवऱ्याच्या छातीवर ठेवला, कोरलेली बाजू खाली. स्वतःच्या हातानं पट्टी ओढून घेतली. एक थर, त्यावर दुसरा. हिरवा रंग दिसेनासा झाला.

पाशेदूला काही उमगेना. छिन्नी तशीच हातात होती.

वेर्नुरोनं मांडीवरचा आरसा उचलला. कापडावरचा उजेड विझला. तिनं तो त्याच्यापुढे धरला.

"माझाही भुंगा तूच कर. हे तांबं आगाऊ घे. घरी गेलास की तराजूत टाकून बघ. हरवलेल्या छिन्न्यांइतकंच भरेल."

बाहेर पुजाऱ्याची पावलं वाजली. राळेचा वास आत आला. ती घाईघाईनं कुजबुजली.

"आणि पाशेदू, माझ्या दगडावर जागा रिकामी सोडू नकोस."