सुनेचं खूळ

दाण्याचं कूट पोटात गेलं की सहा वर्षांच्या आरोहीचे ओठ सुजायचे, अंगभर गांधी उठायच्या. आजी रंभाबाई मात्र अख्ख्या माले गावाला सांगत सुटल्या, "आमच्यात न्हाई कुनाला असलं. सुनेचं खूळ हाय निस्तं!" शेवटी रेश्मा घरादाराशी भांडून लेकीला पुण्याला ॲलर्जीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली.

डॉक्टरांनी हातावर थेंब टाकून टोचून पाहिलं. दाण्याच्या थेंबानं पुळी आली नाही; पण तपासणी नीट होतेय का हे कळावं म्हणून टाकलेल्या, ज्यानं कुणालाही पुळी येते त्या थेंबानंही आली नाही. "खाजेची गोळी दिली होती का? तिनं तपासणी फसते." रेश्मानं छातीठोकपणे नाही म्हटलं. डॉक्टरांनी पुन्हा यायला सांगितलं.

घरी हे ऐकताच रंभाबाईंनी दाण्याचा लाडू नातीपुढं धरला. "बघ, काय बी निघालं न्हाई. खा गं!"

रेश्मा आडवी आली. "पुन्हा तपासल्याबगर ह्यो लाडू तिच्या तोंडात जायचा न्हाई, आत्याबाई."

"अगं, तशीच देईन व्हय मी? आदी खाजेची गोळी देते की. सकाळी तुमी निघतानाबी दिलीच हुती."

रेश्मानं लाडू हिसकावून घेतला.



"खूळ माझं हाय ना, आत्याबाई? मग गोळी पोरीला का दिली?"